स्त्री-पुरुष विषमता शोधायची कुठे?

(कर्नाळ्याच्या पायथ्याशी भरलेल्या विद्यार्थी-संशोधकांच्या शिबिरातील व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, कर्नाळ्याला जमलो आहोत, तेव्हा सुरुवात पक्ष्यांपासूनच करू. या अभयारण्यात कॅमेरा गळ्यात अडकवून येणाऱ्यांना विचारा, काय बघायचंय? बरेच जण सांगतील, स्वर्गीय नर्तक. म्हणजे कोण? तर पांढराशुभ्र, रिबिनीसारखी लांब शेपटी मिरवणारा नर. मादी तांबूस रंगाची, आखूड शेपटीची. ती शेजारच्या फांदीवर बसलेली असली तरी कॅमेरा सहसा तिच्याकडे वळत नाही.

फोटोचं ठीक आहे, ती हौस आहे. पण गाण्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांचंही असंच झालं. नर गातो आणि मादी ऐकून निवड करते, असं डार्विनच्या काळापासून मानलं जात होतं. २०१४ मध्ये काही संशोधकांनी जगभरच्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा ज्या जातींची माहिती मिळाली त्यांपैकी ७१ टक्के जातींत मादीही गाते असं निघालं. मग इतकी वर्षं ते ऐकू कसं आलं नाही? एक कारण साधं आहे. अभ्यास बराचसा युरोप आणि उत्तर अमेरिकेत झाला, आणि तिकडच्या अनेक जातींत माद्या कमी गातात. दुसरं कारण आपल्या कामाचं आहे. नर-मादी दिसायला सारखे असले, तर गाणारा पक्षी दिसला की वहीत 'नर' असं लिहून टाकलं जाई. मादी गात नाही हे गृहीत. म्हणून गाणारा तो नर. आणि म्हणून मादी गात नाही हे सिद्ध! तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात. पुढे २०२० मध्ये मादीच्या गाण्यावरचे महत्त्वाचे लेख कोणी लिहिले हेही मोजलं गेलं. त्यांत पहिलं नाव बहुतेक ठिकाणी स्त्री-संशोधकाचं निघालं, आणि पक्ष्यांच्या गाण्यावरच्या एकूण संशोधनाच्या मानाने हे प्रमाण बरंच जास्त होतं.

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे आमच्या घराण्यातला दोषही सांगितला पाहिजे. ॲरिस्टॉटल, ज्याचे ग्रंथ शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं, तो स्त्रियांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असं लिहून गेला. बर्ट्रांड रसेलने त्याची थट्टा केली आहे, की दोनदा लग्न होऊनही बायकोला तोंड उघडायला सांगून दात मोजावेत हे या गृहस्थाला सुचलं नाही. आता ॲरिस्टॉटल काही आळशी नव्हता. माशांची, मधमाश्यांची त्याने बारकाईने निरीक्षणं केली. इथे मात्र मोजायची गरजच त्याला वाटली नाही. ही 'गरजच वाटली नाही' अशी जागा असते ना, तुमचा विषय तिथे राहतो.

तुमच्या प्रकल्पाचा विषय आहे समाजातला लिंगभेद आणि स्त्री-पुरुष विषमता. या विषयावरच्या प्रकल्पवह्या आम्ही अनेक वर्षं तपासत आलो. त्यांचा साचा ठरलेला असतो. शंभर लोकांना प्रश्नावली द्यायची. पहिला प्रश्न: 'स्त्री आणि पुरुष समान आहेत असे आपणांस वाटते का?' हो, नाही, सांगता येत नाही. दुसरा: 'मुलीला शिक्षण द्यावे का?' मग रंगीत वर्तुळं काढायची, त्यात 'हो'चा तुकडा सगळ्यांत मोठा. निष्कर्ष: समाजात जागृती वाढत आहे, तथापि अजून प्रयत्नांची आवश्यकता आहे. खाली सही.

या वहीत नेमकं काय मोजलं गेलं? लोकांना योग्य उत्तर कोणतं हे माहीत आहे, एवढंच. तेही अगदीच क्षुल्लक आहे असं आम्ही म्हणणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी हे योग्य उत्तर नव्हतंच, उलटं उत्तर छाती ठोकून दिलं जायचं. तोंडावर तरी समता आली, हा फरक आहेच. पण ज्या घरात 'हो'वर खूण केली जाते त्याच घरात मुलगी परीक्षेच्या दिवसांत भांडी घासून अभ्यासाला बसते आणि मुलगा जेवून थेट बसतो. तुमच्या प्रश्नावलीत यातलं काहीच येत नाही. कारण मत डोक्यात असतं आणि विषमता घराच्या, गावाच्या रचनेत असते. वेळ कोणाचा, नाव कोणाचं, जमीन कोणाची, पुस्तकात चित्र कोणाचं, या गोष्टींना कोणी मत विचारत नाही. म्हणून त्या खोटंही बोलत नाहीत.

शब्दांचं एक सांगून पुढे जाऊ. लिंग म्हणजे शरीराचा भेद. लिंगभाव म्हणजे त्या भेदावर समाजाने जे काय लटकवून ठेवलं आहे ते: कोणी हसावं, कोणी रडावं, कोणी आधी जेवावं. आणि लिंगभेद, ज्याला इंग्रजी शिकलेली मुलं सेक्सिझम म्हणतात, तो ओळखायची खूण कोणती? एकाच गोष्टीला दोन मापं लावणं. ही व्याख्या आम्ही एका मराठी पुस्तकाच्या नावावरून शिकलो.

ते पुस्तक ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ सालचं. ताराबाई बुलढाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती बदलली गेली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत स्त्रियांच्या नीतीवर जी झोड उठली, तिला ताराबाईंनी उत्तर दिलं. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण एकूण समाजाने पुस्तक गाडून टाकलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. साल लक्षात ठेवा. त्याच सुमारास केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा अहवाल आला होता, आणि १९७४ मध्ये मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं होतं. आकडे आणि विद्यापीठं आली तेव्हा ताराबाईंचं पुस्तकही सापडलं.

पुस्तकात राग आहे, भाषा धारदार आहे, ते तुम्ही वाचालच. आम्हांला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. स्त्रियांचा म्हणून जो दोष सांगितला जातो तो घ्यायचा, पुरुषाकडे न्यायचा आणि बघायचं, तिथे तो आहे का? असेल तर त्याला तिथे काय म्हणतात? तुलना म्हणजे एवढंच. संशोधनाचं याहून चांगलं अवजार आम्हांला माहीत नाही.

हे अवजार वापरून बघू. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींची नावं प्रशासनाने समारंभपूर्वक बदलली. त्यांची नावं होती नकोशी, नकुसा. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ठेवलेली. कोणी म्हणेल, यात विशेष काय? आपल्याकडे मुलांचीही नावं दगडू, धोंडू, भिकू अशी असतातच की. बरोबर, असतात. आता तुलना करा. दगडू नाव का ठेवतात? आधीची मुलं जगली नाहीत, हा तरी जगावा, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून. तो फार हवासा आहे म्हणून त्याचं नाव ओबडधोबड. आणि नकोशी? ती नको आहे म्हणून. नावं दोन्ही वाईट, कारणं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी. नुसती नावं मोजून हे कळलं नसतं. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, २०११ मध्ये ८९४ झाली. त्या आकड्याच्या शेजारी ही नावं ठेवून पाहा.

आता काम. 'तुझी आई काय करते?' 'काही नाही, घरीच असते.' हे उत्तर आपल्यापैकी निम्म्या लोकांनी शाळेत कधी ना कधी दिलेलं आहे. जनगणनेचा प्रगणकसुद्धा हेच उत्तर लिहून घ्यायचा. बाई शेतात लावणी करते, गोठा बघते, मासळी सुकवते, पण 'काम करता का?' म्हटलं की नवरा ओसरीवरून सांगणार, नाही, ती घरीच. शेवटी १९९१ च्या जनगणनेत प्रश्नाच्या शब्दांतच भर घातली गेली, की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामही धरून सांगा. आधीच्या जनगणनांमध्ये त्या बायका शेतातच होत्या, कागदावर नव्हत्या. प्रश्नाचे चार शब्द किती माणसं दाखवू किंवा लपवू शकतात, हे यावरून समजावं.

ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे किती माणसं? दोन. नवरा आणि बायको. उचल त्या कोयत्याला मिळते, बोलणी आणि हिशेब सहसा पुरुषाशी. आपल्याच तालुक्यातल्या कातकरी वाड्यांमधली जोडपी वीटभट्टीवर जातात, तिथेही जोडी हेच माप. बाईची मजुरी किती, असा प्रश्न विचारलात तर तिला खरोखर उत्तर देता येणार नाही, कारण तिची अशी मजुरी वेगळी कधी काढलीच गेली नाही.

घरकामाचा देशपातळीवरचा मोठा हिशेब २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात झाला. तुम्ही तो उद्धृत कराल म्हणून तो वाचायचा कसा हे सांगतो. सहा वर्षांवरच्या माणसांमध्ये, घरातल्यांसाठी बिनमोबदला घरकाम दिवसभरात करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. आणि जे करतात त्यांचा सरासरी वेळ: स्त्रिया २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. आता पुष्कळ विद्यार्थी लिहितात, भारतीय पुरुष रोज ९७ मिनिटं घरकाम करतो. तसं नाही! ही ९७ मिनिटं ज्यांनी काही तरी केलं त्यांची आहेत. शंभरातल्या चौऱ्याहत्तर पुरुषांनी त्या दिवशी काडीही हलवली नाही, त्यांना धरून गुणाकार केलात तर सरासरी साधारण २५ मिनिटांवर येते. स्त्रियांची त्याच पद्धतीने काढलीत तर २४३. तिप्पट वाटणारा फरक जवळजवळ दसपट निघतो. सरासरीच्या खाली कोण मोजलं गेलं, हे विचारायची सवय लावून घ्या. राजकारण्यांचे आकडे वाचतानाही उपयोगी पडेल.

आणि मिनिटांतही सगळं येत नाही. बाई मूल मांडीवर घेऊन भाकरी थापते, ही दोन कामं की एक? पाणी दुपारी तीनला येणार म्हणून जी बाई दिवसभर कुठे जाऊ शकत नाही, तिच्या त्या वेळेला काय म्हणायचं? प्रत्यक्ष पाणी भरायला वीस मिनिटं लागतात, बांधला गेला तो सगळा दिवस. तुम्ही या गावांमध्ये जाल तेव्हा 'किती तास काम करता' एवढंच न विचारता, 'घरी कोणीतरी असायलाच हवं' ही वेळ कोणाच्या वाट्याला येते, हेही विचारा.

इथवर आम्ही देशाचं बोललो. आता पनवेलचं बोलू, आणि थोडं सावकाश बोलू.

१९७० मध्ये सिडको आली. नवी मुंबईसाठी पनवेल, उरण आणि ठाण्याकडच्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केलं, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्याच्या जोरावर पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आता विमानतळ उभा राहिला. ज्या खाचरात भात पिकायचा त्याच्या भावाची आजोबांना कल्पनाही करता आली नसती. त्या आंदोलनात आगरी-कोळी बायका मोठ्या संख्येने होत्या, हे सगळे अभिमानाने सांगतात. आता आमचा प्रश्न असा: मोबदल्याच्या, भूखंडाच्या कागदावर त्या बायकांची आणि त्यांच्या मुलींची नावं किती?

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद केलं, मात्र त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिने विवाहित-अविवाहित हा भेद काढला. तरी वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का, यावर वाद चालू राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या जुन्याच राहतात. म्हणजे कायद्यापुरता प्रश्न मिटला.

मग सातबाऱ्यावर बहिणींची नावं का टिकत नाहीत? कारण हक्कसोडपत्र. वडील वारले की वारसनोंदीत सगळ्यांची नावं लागतात, आणि पाठोपाठ बहिणी दुय्यम निबंधकाकडे जाऊन आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून देतात. जवळच्या नात्यात मुद्रांक शुल्क किरकोळ. कागदावर छापील वाक्य असतं, की मी हे स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे. आणि तुम्ही जाऊन त्या बाईंना विचारलंत, 'मावशी, तुम्ही स्वखुशीने सही केली का?' तर त्या म्हणतील, 'हो तर! भावाकडे कशाला मागायचं? माहेर तुटेल.'

बघा, एकाच श्वासात दोन वाक्यं. पहिलं खुशीचं आणि दुसरं किमतीचं. भाऊबीज, गौरीचं माहेरपण, अडीनडीला आसरा, मेल्यावर माहेरची साडी, हे सगळं त्या सहीच्या बदल्यात चालू राहतं. ती बाई खोटं बोलत नाही. तिने हिशेब केला आहे, आणि तिच्या परिस्थितीत तो कदाचित शहाणपणाचाही आहे. मग संशोधकाने काय लिहायचं? 'स्वखुशीने' की 'दबावाखाली'?

तत्त्वज्ञानात संमती या विषयावर ग्रंथांची चळत आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ मध्येच लिहिलं होतं, की जिला दुसरं काही निवडायची मुभाच मिळालेली नाही तिच्या निवडीवरून तिच्या स्वभावाबद्दल काही ठरवता येत नाही. अमर्त्य सेन यांनी दाखवलं, की दीर्घ काळ कमी मिळत आलेलं माणूस आपल्या अपेक्षाच आखडून घेतं, आणि मग विचारलं तर समाधानी असल्याचं सांगतं. हे सगळं खरं. पण त्यात एक धोकाही आहे. आम्ही शिकलेले लोक तिला सांगू लागतो, तुझी खुशी खरी नाही, आम्हांला ठाऊक आहे तुझं मन. हा उद्धटपणा झाला. तेव्हा तिच्या मनात शिरू नका. ताराबाईंचं अवजार काढा.

तुलना करा. गावाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, घ्या. गेल्या वीस वर्षांतल्या हक्कसोडीच्या नोंदी काढा. बहिणीने भावासाठी सोडलेले किती? भावाने बहिणीसाठी सोडलेले किती? निव्वळ मायेने माणूस हक्क सोडत असेल, तर माया दोन्ही बाजूंना असते. काही भाऊ सधन असतील, काही बहिणी विधवा, परित्यक्ता, गरजू असतील. निदान थोडे तरी कागद उलट्या दिशेने गेलेले दिसायला हवेत. दिसले तर तसं लिहा, आनंदाने लिहा. सगळे एकाच दिशेने गेले असतील, तर कोणा एका बाईच्या मनाबद्दल काही न बोलता तुम्हांला सांगता येईल, की या गावात मायेला उतार आहे आणि पाणी त्या उताराने जातं.

उलट दिशेने कागद नेण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झालाही आहे. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, आणि त्यानंतर काही वर्षांतच शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायचा. ज्या गावात शंभर कुटुंबं तसं करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. पुढे राज्य सरकारनेही त्याच नावाची योजना काढून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. आमच्या मते तुमच्यापैकी एखाद्या गटाने नुसतं एवढं केलं, की त्या काळात बायकांच्या नावे झालेली जमीन आज कोणाच्या नावे आहे हे एका गावापुरतं शोधलं, तर तो पदव्युत्तर प्रबंधाच्या तोडीचा अभ्यास होईल.

मात्र हीच प्रश्नावली घेऊन कातकरी वाडीवर जाऊ नका. तिथे पुरुषाच्या नावावर तरी सातबारा आहे का? कित्येक वाड्या ज्या जागेवर उभ्या आहेत ती जागाच दुसऱ्याच्या नावावर. तिथे 'बाईच्या नावे जमीन आहे का' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येईल, तुमच्या तक्त्यात तो आकडा आगरी किंवा मराठा बाईच्या 'नाही'शेजारी बसेल, आणि दोन अगदी वेगळ्या वंचना एकसारख्या दिसतील. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीच्या भूमिदृष्टीबद्दल जे मांडलं त्याचा रोख हाच होता. 'स्त्री' म्हणून जी सरसकट धरली जाते, तिचा अनुभव बहुधा सवर्ण बाईचा असतो.

आणि रेग्यांच्या कितीतरी आधी हे एका विद्यार्थिनीने केलं होतं. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ताबाई नावाच्या मुलीचा निबंध छापून आला. ती मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, वयाने आज इथे बसलेल्या सगळ्यांपेक्षा लहान. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. त्यात ती बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या हालांची नोंद करते, ज्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं. तिने प्रश्नावली वाटली नाही, ती त्या वस्तीतच वाढली होती. मराठीतलं स्त्री-प्रश्नावरचं विद्यार्थी-संशोधन कुठून मोजायचं असं कोणी विचारलं तर आम्ही १८५५ म्हणू. मादीचं गाणं कोणाला ऐकू आलं, ते आपण सुरुवातीला पाहिलंच. तेव्हा तुमच्या प्रत्येक गटात मुली असाव्यात, वाडीवरच्या मुली असाव्यात, आणि त्या नुसत्या 'अक्षर चांगलं' म्हणून लिहून घेण्यापुरत्या नसाव्यात. (हशा) हसू नका. गटात चहा कोण आणतं आणि सादरीकरण कोण करतं, याचीही नोंद ठेवा.

पुस्तकांबद्दल थोडं, कारण तो अभ्यास सर्वांत सोपा. वाचनालयात बसून होतो. २०१७ मध्ये आपल्या राज्याच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकावरून गदारोळ झाला होता. हुंड्याची कारणं सांगताना त्यात अशा अर्थाचा मजकूर होता, की मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर तिचं लग्न जमणं अवघड जातं आणि मग वरपक्ष जास्त हुंडा मागतो. टीका झाली, मजकूर काढण्याचं सरकारने जाहीर केलं. लिहिणाऱ्याचा हेतू हुंड्याचं समर्थन करण्याचा नसेलही. पण कारण ठेवलं कुठे बघा! मागणारा मागतो, आणि कारण सापडतं मुलीच्या चेहऱ्यात. खिशात का नाही सापडलं? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं आणि त्याचं कौतुक झालं. चांगलंच झालं. तुम्ही आता पहिली ते दहावीची पुस्तकं घेऊन बसा. चित्रांत किती बाया, किती पुरुष एवढं मोजून थांबू नका. क्रियापदं मोजा. कोण धावतो, शोधतो, ठरवतो, आणि कोण बघते, देते, वाट पाहते.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे, तेव्हा इथे थांबतो. दोन प्रश्न आले, तेवढे घेऊ.

एका विद्यार्थ्याने विचारलं, की पुरुषांवरही अन्याय होतो, कमावण्याचं ओझं असतं, रडायची सोय नसते. ते का मोजायचं नाही? मोजायचं की. लिंगभाव पुरुषावरही लादलेलाच असतो. फक्त अवजार तेच वापरा. ओझं कोणतं, आणि त्या ओझ्याबरोबर हातात काय येतं, दोन्ही लिहा. कमावण्याच्या ओझ्याबरोबर घरात शेवटचा शब्द येतो, जमीन येते. भांड्यांच्या ओझ्याबरोबर काय येतं, ते शोधून आम्हांलाही कळवा.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा. आमच्याच घरात आत्याने हक्कसोड केली आहे, ते प्रकल्पात लिहू का? बाळ, लिहिण्याआधी आत्याला विचार, आणि ते बाबांसमोर नको, काकांसमोर तर नकोच. तिच्या घरी जा, ती एकटी असताना बस. 'का सही केलीस' हे विचारलंस तर ती तुझ्या बाबांची बाजू मांडत बसेल. त्याऐवजी त्या दिवसाबद्दल विचार. कचेरीत कोण घेऊन गेलं? कागद कोणी वाचून दाखवला का? सही आधी झाली की चहा आधी झाला? घरी परत कशी आलीस, आणि घरी आल्यावर काय केलंस? ती बोलली तर लिही, नाव-गाव वगळून. नको म्हणाली तर वही मिटव, आणि प्रकल्पासाठी दुसऱ्या गावाचा फेरफार बघ. गुणांसाठी आत्याचं माहेर पणाला लावायचं नाही. आणि तू आता सज्ञान आहेस. उद्या असाच कागद तुझ्यासमोर आला तर तो वाचायला घरी न्यायचा, दोन दिवस ठेवून घ्यायचा, यात कसलाही उद्धटपणा नाही.

गाव नमुना सहाची कोरी प्रत आम्ही बरोबर आणली आहे. चहानंतर झाडाखाली बसू आणि कोणत्या रकान्यात काय बघायचं ते पाहू.